लाल दिव्याखालची उमेदवारी

एखाद्या धंद्यात जुन्या माणसाच्या हाताखाली राहून, प्रथम निरीक्षणाने आणि मग चुकतमाकत तो धंदा आत्मसात करण्याच्या काळाला मराठीत उमेदवारी म्हणतात. वकिली, वैद्यकी, छापखाना आणि नाटक कंपनी या क्षेत्रांतील उमेदवारीविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या मानाने नभोवाणी केंद्रावरील उमेदवारी दुर्लक्षित राहिली, याचे एक कारण असे असावे की या धंद्याचा इतिहास बहुधा उद्घाटनांच्या तारखा, प्रक्षेपकांची शक्ती आणि गाजलेले कार्यक्रम यांच्या आधारे मांडला जातो. जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या एखाद्या लहान केंद्रावर नव्याने रुजू झालेल्या माणसाला काय शिकावे लागे, ते त्याला कोण शिकवी, आणि ध्वनिक्षेपकासमोर त्याला एकट्याला केव्हा बसू दिले जाई, हे प्रश्न त्या मांडणीत मागे पडतात. या प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आढळते, ती म्हणजे आधी लिहून तपासून न घेतलेला शब्द उच्चारण्याची मुभा नवख्याला किती द्यायची, याविषयी संस्थेच्या मनात असलेला आणि काळानुसार बदलत गेलेला हिशेब.

भारतातील नभोवाणीच्या आरंभी असा हिशेब कोणी मांडला नव्हता, कारण सगळेच नवखे होते. १९२३ मध्ये मुंबईच्या रेडिओ क्लबने जे प्रक्षेपण सुरू केले, ते बिनतारी यंत्रांचा छंद असलेल्या हौशी मंडळींचे काम होते. यंत्र जुळवणारा, बोलणारा आणि गाणाऱ्याला बोलावून आणणारा यांच्यात फारसा भेद नव्हता. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले, तेव्हा या छंदाला पगारी नोकरीचे रूप आले. त्या केंद्राच्या प्रक्षेपकाची शक्ती अवघी दीड किलोवॉट होती. रेडिओ संच बाळगण्यासाठी वर्षाला दहा रुपयांचा परवाना घ्यावा लागे आणि १९२९ च्या अखेरीस संपूर्ण देशातील परवान्यांची संख्या आठ हजारांनाही पोहोचली नव्हती. अशा तुटपुंज्या उत्पन्नावर कंपनी तग धरू शकली नाही. १९३० च्या मार्चमध्ये तिचे दिवाळे निघाले आणि पुढच्याच महिन्यात सरकारने हा कारभार आपल्याकडे घेतला. नवख्यांना पद्धतशीर शिक्षण देण्यास लागणारी सवड आणि पैसा या दोन्ही गोष्टी त्या काळात नव्हत्या.

१९३५ मध्ये बीबीसीतून लायोनेल फील्डन हे प्रसारण-नियंत्रक म्हणून भारतात आले आणि पुढच्या वर्षी, म्हणजे जून १९३६ मध्ये, या खात्याला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले. फील्डन यांच्यामागोमाग बीबीसीच्या कामाच्या काही सवयीही येथे आल्या. प्रत्येक भाषण आधी लिहून घ्यावे, ते अधिकाऱ्याने वाचून मंजूर करावे, त्याची तालीम घ्यावी आणि मगच ते प्रक्षेपित व्हावे, ही शिस्त त्यांतील प्रमुख होय. लंडनमध्ये या शिस्तीमागे नेमकेपणाचा आग्रह होता. भारतात तिला सरकारी सावधगिरीचीही जोड मिळाली, कारण परकीय सत्तेच्या ताब्यातील यंत्रावरून एतद्देशीय माणूस ऐन वेळी काय बोलेल याची धास्ती राज्यकर्त्यांना असणे स्वाभाविक होते. परिणामी नवख्याचा पहिला धडा असा ठरला, की कागदावर नसलेले बोलायचे नाही. हा धडा स्वातंत्र्यानंतरही कित्येक दशके टिकून राहिला, आणि त्याची सवय इतकी अंगवळणी पडली की त्याचे मूळ कारण विचारण्याची गरजही फारशी कोणाला वाटेनाशी झाली.

या शिस्तीच्या अगदी उलट टोकाला असलेली दोन लहान केंद्रे येथे ध्यानात घेण्यासारखी आहेत, कारण ती चालविणाऱ्यांना ना उमेदवारीचा काळ मिळाला ना कोणाची मंजुरी घ्यावी लागली. १९४२ च्या ऑगस्टअखेरीस मुंबईत सुरू झालेले गुप्त काँग्रेस रेडिओ केंद्र हे त्यांपैकी पहिले. ते चालविणाऱ्या तरुण मंडळींत अग्रभागी असलेल्या उषा मेहता तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. ४२.३४ मीटर्सवर चालणारे हे केंद्र पोलिसांच्या शोधयंत्रणेला चुकवण्यासाठी शहरातल्या शहरात जागा बदलत राहिले आणि १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पकडले गेले. दुसरे केंद्र गोव्याच्या मुक्तिलढ्यातील. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी २५ नोव्हेंबर १९५५ पासून सह्याद्रीच्या जंगलातून, प्रथम आंबोली परिसरातून आणि पुढे कॅसल रॉकच्या बाजूने, कोकणी आणि पोर्तुगीज भाषांत हे प्रक्षेपण गोवा मुक्त होईपर्यंत चालू ठेवले. पणजीत पोर्तुगीज सरकारचे ‘एमिसोरा द गोवा’ हे केंद्र १९४६ पासून होतेच. त्या केंद्राच्या साधनसंपत्तीपुढे जंगलातील हे यंत्र नगण्य होते. बातम्या मिळवणे, लिहिणे, भाषांतर करणे, वाचणे आणि यंत्र सांभाळणे ही सारी कामे मोजक्याच हातांनी उरकण्याची जी पद्धत गरजेपोटी तेथे पडली, तीच पुढे निराळ्या कारणांनी जिल्ह्याजिल्ह्यांतील लहान केंद्रांवर दिसते. नवखा माणूस धोका पत्करण्याच्या तयारीने काय शिकू शकतो, याचे हे दाखले अधिकृत प्रशिक्षणाच्या इतिहासात नोंदवले जात नाहीत, हे काहीसे अन्यायाचेच आहे.

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा भारताच्या वाट्याला सहा नभोवाणी केंद्रे आली आणि त्यांचा आवाज देशाच्या जेमतेम अडीच टक्के भूभागावर पोहोचत होता. त्यानंतरच्या विस्तारात आजच्या महाराष्ट्रात १९४८ मध्ये नागपूर आणि २ ऑक्टोबर १९५३ रोजी पुणे ही केंद्रे सुरू झाली. निजामाच्या राज्यात चालणारे औरंगाबादचे केंद्र १९५० मध्ये केंद्र सरकारकडे आले. पुढे १९६३ मध्ये सांगली, १९६८ मध्ये परभणी, १९७६ मध्ये जळगाव आणि १९७७ मध्ये रत्नागिरी अशी भर पडत गेली. केंद्रे वाढली तशी माणसे लागू लागली, आणि १९४८ मध्येच दिल्लीत कार्यक्रम-विभागातील कर्मचाऱ्यांसाठी प्रशिक्षणाची स्वतंत्र संस्था काढण्यात आली. तथापि सांगलीला किंवा परभणीला नव्याने लागलेल्या माणसाची दिल्लीवारी होईपर्यंत त्याच्या केंद्रावरील रोजच्या सभा थांबून राहणे शक्य नव्हते. ‘सभा’ हा आकाशवाणीच्या कारभारातील खास शब्द असून सकाळ, दुपार आणि संध्याकाळ अशा प्रक्षेपणाच्या तीन स्वतंत्र सत्रांना पहिली, दुसरी आणि तिसरी सभा असे म्हटले जाते. नवख्याचे खरे शिक्षण या सभांमध्येच, दिल्लीचे बोलावणे येण्याच्या कितीतरी आधी, सुरू होई.

मोठ्या केंद्रावर कामांची वाटणी स्पष्ट असे. निवेदक निवेदन करी, वृत्तनिवेदक बातम्या वाची, ध्वनिमुद्रिका ग्रंथालयातून काढून देणारा कर्मचारी वेगळा असे आणि नियंत्रण-कक्षात अभियांत्रिकी विभागाचा माणूस बसे. लहान केंद्रावर ही सारी पदे कागदोपत्री असली तरी प्रत्यक्षात माणसे कमी पडत. म्हणून निवेदकालाच ध्वनिमुद्रिका शोधाव्या लागत, आलेल्या पाहुण्याला पाणी द्यावे लागे, पत्रोत्तराच्या कार्यक्रमासाठी श्रोत्यांची पोस्टकार्डे लावून ठेवावी लागत आणि वीज गेली तर जनित्र सुरू होईपर्यंतचा काळ नोंदवावाही लागे. या ओढाताणीचा एक अनपेक्षित लाभ असा झाला, की जिल्ह्याच्या केंद्रावर तयार झालेल्या माणसाला धंद्याची सर्व अंगे ठाऊक असत.

नव्या माणसाच्या हाती पहिल्या दिवशी जी वस्तू पडे ती म्हणजे क्यू शीट. एका सभेत कोणता कार्यक्रम किती वाजता, किती मिनिटांचा, कोणत्या फितीवरून किंवा कोणत्या केंद्रावरून घ्यायचा, याचा क्रमवार तक्ता म्हणजे क्यू शीट. तिच्या जोडीला ड्युटी ऑफिसर हा अधिकारी असे. सभेची संपूर्ण जबाबदारी त्याच्याकडे असून तो स्टुडिओच्या बाहेर, ड्युटी रूममध्ये, श्रोत्यासारखा रेडिओ ऐकत बसे आणि ऐकू आलेली प्रत्येक चूक अहवालात लिही. हा अहवाल दुसऱ्या दिवशी सकाळच्या मीटिंगमध्ये केंद्रप्रमुखासमोर वाचला जाई. निवेदन दहा सेकंद उशिरा सुरू झाले, एखाद्या गायकाचे नाव चुकले, गाणे मध्येच तोडावे लागले, अशा नोंदी तेथे नावानिशी निघत. नवख्याच्या शिक्षणात या सकाळच्या मीटिंगचा वाटा कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा मोठा होता, असे मानण्यास जागा आहे. कारण चूक घडल्यापासून चोवीस तासांच्या आत ती चारचौघांत उच्चारली जाई आणि ती टाळण्याचा उपायही तेथेच कोणा जुन्या माणसाच्या तोंडून मिळे.

यंत्रांशी हात बसवणे हा दुसरा भाग. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. गाणे लावताना सुई खोबणीत ठेवून पहिला सूर कोठे सुरू होतो ते कानाने हेरायचे, तबकडी हाताने किंचित उलटी फिरवून तेथे धरून ठेवायची आणि निवेदनाचे शेवटचे अक्षर संपता संपता सोडायची, ही कृती हातात बसण्यास काही आठवडे लागत. सोडण्यास उशीर झाला तर पोकळी पडे, आणि घाई झाली तर तबकडीने पूर्ण गती घेण्याआधीच सूर सुरू होऊन गायकाचा आवाज घसरल्यासारखा ऐकू येई. पुढे चुंबकीय फीत आली आणि संकलनाचे कौशल्य शिकावे लागले. फीत सेकंदाला साडेसात इंच या गतीने धावे, म्हणजे एका मिनिटाच्या बोलण्यासाठी साडेसदतीस फूट फीत खर्ची पडे आणि १२०० फुटांच्या रिळावर सुमारे बत्तीस मिनिटे मावत. वक्त्याचा अर्ध्या सेकंदाचा अडखळलेला श्वास म्हणजे पावणेचार इंच फीत. ती दाढीच्या पात्याने तिरपी कापायची, दोन टोके एकमेकांना भिडवायची आणि मागून चिकटपट्टी लावायची. तिरपी कापण्याचे कारण असे, की सरळ काप दिला तर जोडावरून जाताना टक् असा आवाज येण्याचा संभव असतो. नवख्याला प्रथम निरुपयोगी फितीवर सराव करू देत, आणि कापलेले तुकडे टाकून न देता गळ्यात किंवा मेजाच्या कडेला अडकवून ठेवण्यास सांगत, कारण चुकून एखादा शब्द कापला गेला तर तो त्याच तुकड्यांतून शोधून परत जोडावा लागे. शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन ध्वनिमुद्रण करण्यासाठी खांद्याला अडकवण्याचे उहेर हे जर्मन यंत्र अनेक केंद्रांवर होते. वाऱ्याचा आवाज, बैलाच्या गळ्यातील घंटा आणि उतरत चाललेली बॅटरी या तिघांशी जुळवून घेणे हा त्या यंत्राबरोबरचा अभ्यासक्रम होता.

तिसरा भाग स्टुडिओतील वर्तनाचा. स्टुडिओत शिरताना दोन दरवाजांमधून जावे लागे. या दोन दरवाजांमधील अरुंद जागेला साउंड लॉक म्हणतात, आणि एक दरवाजा पूर्ण बंद झाल्याखेरीज दुसरा उघडायचा नाही हा नियम पहिल्याच दिवशी सांगितला जाई. दारावरचा लाल दिवा लागला म्हणजे आतला ध्वनिक्षेपक जिवंत आहे, मग बाहेरच्याने खोकायचेही नाही. ध्वनिक्षेपकापासून सुमारे एक वीत अंतर ठेवायचे. प, फ, ब, भ या अक्षरांबरोबर तोंडातून सुटणारी हवा सरळ ध्वनिक्षेपकावर आदळू नये म्हणून किंचित तिरपे बसायचे. वाचनाच्या कागदांना टाचणी असेल तर ती आधीच काढून टाकायची आणि वाचून झालेले पान उलटण्याऐवजी अलगद बाजूला सरकवायचे, म्हणजे कागदाची सळसळ होत नाही. काचेपलीकडील माणसाच्या हातांच्या खुणा ओळखायच्या. या सूचना ऐकताना क्षुल्लक वाटतात. परंतु ज्या माध्यमात श्रोत्याला डोळे नसतात, तेथे कागदाची सळसळ हीसुद्धा एक घटना ठरते.

या सर्वांहून अवघड होते ते घड्याळ. लहान केंद्राचा बराचसा वेळ इतर केंद्रांच्या सहक्षेपणात जाई. सहक्षेपण म्हणजे दुसऱ्या केंद्राचा कार्यक्रम जसाच्या तसा घेऊन आपल्या प्रक्षेपकावरून पुढे पाठवणे. सकाळी ७ वाजून ५ मिनिटांनी पुण्याच्या प्रादेशिक बातम्या, साडेआठला दिल्लीहून येणाऱ्या मराठी बातम्या, अशा वेळा अचल होत्या आणि त्यांच्यासमोर स्थानिक कार्यक्रमाची कितीही उत्तम रंगत आलेली असली तरी तिला थांबावे लागे. नवख्याला येथे उलटी मोजणी शिकावी लागे. बातम्यांना चार मिनिटे वीस सेकंद उरली असून गाणे तीन मिनिटे पाच सेकंदांचे असेल, तर उरलेल्या पंचाहत्तर सेकंदांत काय बसवायचे, याचा निर्णय निवेदन चालू असतानाच करावा लागे. अशा जागा भरण्यासाठी वाद्यसंगीताचे तुकडे हाताशी ठेवत आणि त्यांना फिलर म्हणत. सहक्षेपणाची ओळ मध्येच तुटली, तर व्यत्ययाबद्दल दिलगिरी व्यक्त करून कोणते वाद्यसंगीत लावायचे, आणि राष्ट्रीय दुखवट्याच्या प्रसंगी नेहमीची गाणी बाजूला ठेवून कोणत्या कपाटातील मुद्रिका काढायच्या, हेही आधी ठाऊक असावे लागे. अनपेक्षित शांततेची धास्ती ही या धंद्याची खरी गुरुमाऊली होती, असे म्हटल्यास ते अतिशयोक्तीचे होणार नाही. श्रोत्याच्या दृष्टीने पाच सेकंदांची शांतता म्हणजे संच बिघडल्याची शंका. निवेदकाच्या दृष्टीने दुसऱ्या दिवशीच्या अहवालातील एक ओळ.

भाषेचे शिक्षण मात्र इतक्या सहजपणे नियमांत बसणारे नव्हते. सभेच्या आरंभी केंद्राचे नाव आणि त्याची तरंगलांबी सांगितली जाई, उदाहरणार्थ पुणे केंद्राचे ३७८.८ मीटर्स म्हणजे ७९२ किलोहर्ट्झ; हे आकडे न अडखळता उच्चारणे हीच नवख्याची पहिली परीक्षा असे, आणि ज्याची जीभ ‘एकोणसत्तर’ व ‘एकोणऐंशी’ यांत अडखळते त्याला बाजारभाव वाचण्यास बसवत नसत. च, ज, झ यांचे दंत्य आणि तालव्य असे जे दोन उच्चार मराठीत आहेत, ते लिपीत वेगळे दाखवले जात नाहीत. ‘चार’ या अंकातील च आणि ‘चारा’तील च यांतला फरक वाचणाऱ्याच्या कानालाच माहीत असावा लागतो. न आणि ण यांतील भेदाकडे, तसेच ‘संयम’, ‘संशय’, ‘संहार’ यांतील अनुस्वाराच्या निरनिराळ्या उच्चारांकडे जुने निवेदक बारकाईने लक्ष पुरवत. आवाजाच्या चाचणीत उमेदवार स्टुडिओत बसे आणि परीक्षक शेजारच्या खोलीत केवळ ध्वनिवर्धकावरून ऐकत. त्यामुळे रूप, पोशाख वा आडनावाचे वजन पडण्याचा संभव कमी होई. मात्र उच्चारांचे वजन पडेच, आणि ते उच्चार बहुतांशी पुणे-मुंबईच्या शिक्षित वर्गाचे असत. शुद्धतेचे हे माप सांगली, परभणी किंवा रत्नागिरीच्या श्रोत्यांच्या बोलीशी जुळणारे नव्हते, आणि हा विरोध सोडवण्यास संस्थेला फार वेळ लागला.

तो सुटण्याचा मार्ग शेतकऱ्यांच्या कार्यक्रमांतून निघाला. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने रेडिओ शेतकरी मंडळांचा प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत श्रोत्यांचे गट बनवण्यात आले. त्यांच्यासाठी आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा, असे वीस कार्यक्रम झाले. गट कार्यक्रम ऐके, त्यावर चर्चा करी आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवी, आणि पुढील कार्यक्रमांत त्या प्रश्नांची दखल घेतली जाई. टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाचे मूल्यमापन केले, ज. च. माथुर व पॉल न्यूराथ यांचा त्यावरील ग्रंथ १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी ही योजना देशभर लागू करण्यात आली. उमेदवारीच्या इतिहासात या प्रयोगाचे महत्त्व वेगळ्या कारणासाठी आहे. गावातून परत येणाऱ्या प्रश्नामुळे निवेदकाला प्रथमच कळू लागले, की आपण काय बोललो यापेक्षा ते कोणत्या शब्दांत पोहोचले याला महत्त्व आहे. ड्युटी ऑफिसरच्या जोडीला ऐकणारा आणखी एक परीक्षक तयार झाला.

याच सुमारास माहिती व नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर यांच्या कारकिर्दीत साहित्य आणि संगीत क्षेत्रांतील माणसांना निर्माते म्हणून कराराने घेण्याची योजना अमलात आली. पुण्याच्या ग्रामीण विभागात व्यंकटेश माडगूळकर १९५५ पासून दीर्घकाळ होते. आनंद यादव यांनीही काही काळ त्या केंद्रावर नोकरी केली. या लेखकांमुळे माणदेशची आणि कागलची बोली स्टुडिओच्या दोन दरवाजांतून आत आली, एवढेच म्हणणे अपुरे ठरेल. त्यांनी ती लिखित संहितेच्या चौकटीत आणली, हे त्यांचे वैशिष्ट्य. पारावरच्या गप्पा वाटाव्यात असे संवाद प्रत्यक्षात आधी लिहिलेले आणि मंजूर झालेले असत. सहजतेचाही सराव करावा लागतो, हे नवख्यांना येथे शिकायला मिळाले. याच केंद्राने, सुरू होऊन दोन वर्षेही पूर्ण झालेली नसताना, सीताकांत लाड यांच्या पुढाकाराने १ एप्रिल १९५५ पासून ‘गीतरामायण’ ही मालिका सादर केली, ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांची छप्पन्न गीते दर आठवड्याला एक या ठरलेल्या मुदतीत तयार होत गेली. तिच्या कलात्मक यशाविषयी विपुल लिहिले गेले आहे. एका तरुण केंद्राने ठरलेल्या वाराला आणि ठरलेल्या मिनिटाला नवे गीत देण्याची जी सवय लावून घेतली, ती मात्र नभोवाणीच्या कारागिरीचा भाग होती.

लहान केंद्र ही कल्पना मात्र खऱ्या अर्थाने पुढे आली ती स्थानिक नभोवाणीच्या योजनेतून. आणीबाणीनंतर नेमलेल्या वर्गीस समितीने १९७८ मध्ये जो अहवाल दिला, त्यात प्रसारणाच्या स्वायत्ततेबरोबर विकेंद्रीकरणाचाही आग्रह होता. पुढे ३० ऑक्टोबर १९८४ रोजी तमिळनाडूतील नागरकोईल येथे देशातील पहिले स्थानिक केंद्र सुरू झाले. महाराष्ट्रात अहमदनगर, सातारा, बीड, उस्मानाबाद, नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर, धुळे अशा ठिकाणी या प्रकारची केंद्रे प्रामुख्याने १९९० च्या दशकात उभी राहिली. एका जिल्ह्यापुरते बोलायचे, तेथील माणसे स्टुडिओत आणायची आणि शक्यतो स्टुडिओबाहेर जाऊन ध्वनिमुद्रण करायचे, असे या केंद्रांचे धोरण होते. कायम कर्मचारी मोजके असल्यामुळे निवेदनाचा मोठा भार नैमित्तिक निवेदकांवर पडला. नैमित्तिक निवेदक म्हणजे लेखी परीक्षा, आवाजाची चाचणी आणि मुलाखत यांतून निवडून यादीत घेतलेली आणि महिन्यातून सहापर्यंत ड्युट्या मिळणारी व्यक्ती. महाविद्यालयातील विद्यार्थी, शाळाशिक्षक, गृहिणी आणि नाटकात काम करणारी हौशी मंडळी यांचा यांत मोठा भरणा असे. अनेकांची पहिली ओळख तरुणांसाठीच्या ‘युववाणी’ या कार्यक्रमातून झालेली असे. त्यांच्यासाठी आकाशवाणीने पुढे ‘वाणी’ नावाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आखला. महिन्यातून सहाच वेळा ध्वनिक्षेपकासमोर बसणाऱ्याची उमेदवारी लांबत जाणे अपरिहार्य होते, आणि वर्षानुवर्षे काम करूनही ‘नैमित्तिक’ हेच विशेषण मागे राहिलेल्यांची खंत या व्यवस्थेच्या कोणत्याही प्रामाणिक इतिहासात नोंदवावी लागेल. तरीही कागदाबाहेर बोलण्याची मुभा प्रथम मिळाली ती यांनाच, कारण श्रोत्यांचे दूरध्वनी थेट प्रक्षेपणात घेण्याचे कार्यक्रम सुरू झाल्यावर समोरचा श्रोता काय विचारील हे लिहून ठेवणे कोणालाच शक्य नव्हते.

दरम्यान ९ फेब्रुवारी १९९५ रोजी न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचा समावेश असलेल्या सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठाने प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक संपत्ती असल्याचा निर्णय दिला. त्यातून पुढे खासगी एफएम आणि सामुदायिक नभोवाणी या दोन्ही वाटा मोकळ्या झाल्या. सामुदायिक नभोवाणी म्हणजे एखाद्या परिसरातील लोकांनी नफ्याचा हेतू न ठेवता चालवलेले केंद्र. २००६ च्या धोरणानुसार शिक्षणसंस्थांबरोबर स्वयंसेवी संस्थांनाही ते काढता येऊ लागले. अशा केंद्राचा मनोरा ३० मीटरहून उंच नसावा, प्रक्षेपणाची परिणामी शक्ती १०० वॉटच्या आत असावी आणि निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागाने बनावेत, अशा अटी आहेत. सातारा जिल्ह्यातील माण या दुष्काळी तालुक्यात म्हसवड येथे २००८ मध्ये सुरू झालेले ‘माणदेशी तरंग’ आणि बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राचे ‘शारदा कृषी वाहिनी’ ही महाराष्ट्रातील अशा केंद्रांची उदाहरणे आहेत.

या केंद्रांवरील उमेदवारी जुन्या पद्धतीहून दोन बाबतींत वेगळी ठरते. पहिली बाब यंत्रांची. संगणकाच्या पडद्यावर ध्वनीची लाट डोळ्यांना दिसते, पाते आणि चिकटपट्टी यांची जागा माउसने घेतली आहे आणि चुकून कापलेला शब्द एका कळीने परत येतो. त्यामुळे हात बसण्यास लागणारे आठवडे काही दिवसांवर आले. दुसरी बाब माणसांची. माणदेशी बोलणारी व्यक्ती माणदेशी श्रोत्यांशी बोलत असताना उच्चारांचे जुने माप तिला लावण्यात अर्थ उरत नाही. परंतु कागदाचा धाक गेला तरी मर्यादा गेलेली नाही. सामुदायिक केंद्राला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या बातम्या घ्यायच्या तर त्या फेरफार न करताच प्रक्षेपित कराव्या लागतात. आणि केंद्रावरून गेलेला प्रत्येक कार्यक्रम प्रक्षेपणाच्या दिवसापासून तीन महिने जपून ठेवण्याचे बंधन आहे. फील्डन यांच्या काळात शब्द उच्चारण्यापूर्वी तपासला जाई आणि उच्चारताच विरून जाई. म्हसवडच्या किंवा बारामतीच्या स्टुडिओत आज पहिल्यांदा बसणारी व्यक्ती न लिहिता बोलते, आणि तिचा अडखळलेला श्वासही पुढचे तीन महिने संगणकात तसाच राहतो.